सुभेदारांचं वेळेवरचं पारणं

राहू गावात लग्नं वेळेवर लागत नाहीत आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नसते. पत्रिकेवर बारा पस्तीस छापलं की जाणता माणूस मनात दोन धरतो आणि त्या बेतानं घरून निघतो. चुकून कुणी मुहूर्तावर पोचलाच तर मंडपवाला त्याच्याच हातात खुर्च्या देतो आणि म्हणतो, "पाव्हणं, आलाच हायसा तर एवढ्या मांडा."

सगळा उशीर होतो तो पारण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, पुढं बँड वाजतो आणि बँडच्या पुढं पोरं नाचतात. जानवसघरापासून मारुती दोन बिड्या ओढून होईपर्यंत येतो. पण पारणं एकदा निघालं की विजेच्या दर खांबाशी थांबतं. तोवर भटजींचा दोनदा चहा होतो आणि नवरी मुंडावळ्यांसकट पेंगते.

दौंडच्या संपतमामांनीही हाच हिशोब धरला होता. त्यात त्यांची काय चूक? चूक झाली ती समोरची पार्टी न ओळखण्यात.

तर आधी हे मामा कोण ते सांगायला हवं. साल दोन हजार तीन. लग्न होतं राहूतल्या आण्णांच्या धाकट्या लेकीचं, रुपालीचं. तिची आई गीताबाई ती दुसरीत असतानाच गेली. आण्णांच्या मागं तेव्हा मेंढरं होती आणि नुकतंच पाणी लागलेलं रान होतं, पोरींकडं बघणार कोण? मग गीताबाईचा भाऊ संपत, दौंड स्टेशनातला पॉइंट्समन, सडाफटिंग माणूस, दोन्ही भाच्यांना रेल्वे कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरात घेऊन गेला. तो वेण्या घालायला शिकला, डबे भरायला शिकला. पोरींच्या आजारपणात उशाशी बसला.

थोरली म्हाळसा बीएस्सी झाली तेव्हा आण्णांनी तिचं लग्न ठरवलं. बैठकीतच मामा म्हणाले, "दाजी, पोरगी हुशार हाय. शिकू द्या तिला." पाहुण्यांदेखत बोलल्याचा आण्णांना असा राग आला की ते ताडकन उठले. "माझ्या पोरीचं मला शिकवू नगंस! परत ह्यो उंबरा चढायचा न्हाई!"

लग्न मोडलं आणि म्हाळसा शिकली. आता ती पुण्यात एका संस्थेत पीएचडी करत होती. मामांनी मात्र त्यानंतर उंबरा चढला नाही. आण्णांना आत कुठंतरी पस्तावा होता, पण माणूस मोडेल पण वाकणार नाही असा. मामा आपल्या शिक्षणापायी तुटला, हे म्हाळसाला रोज खुपायचं.

रुपालीच्या लग्नाची पत्रिका मामांना गेली नाही. नवरीमागं उभं राहायला आण्णांनी गावातलाच एक चुलत मामा धरला, दगडोबा. तो बिचारा मेंढपाळ, कळपापुढं वाघ, माणसांपुढं कोकरू. त्याला त्या मानाची धडकीच भरली होती. आणि रुपाली? हळदीच्या अंगानं ती म्हाळसाच्या गळ्यात पडून रडली. "ताई, मामा मागं नसतील तर मला ते लगीन लागल्यासारखंच वाटायचं न्हाई."

म्हाळसानं आधीच एसटीडी बूथवरून गुपचूप दौंडला फोन केला होता. मामा फोनवर हसले. "उंबरा चढू नगं म्हणलंय दाजींनी. मांडवाला कुठं आसतो उंबरा? शटलनं केडगावला उतरतो, तिथनं जीपनं येतो. बारा पस्तीसचं म्हंजी दोनला लागंल. लांबनंच अक्षता टाकीन आन् जाईन."

आता समोरची पार्टी. शिरूरकडचे हौसराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मनगटावर जाड पट्ट्याचं घड्याळ, गळ्यात शिट्टी. मुलाच्या लग्नातसुद्धा शिट्टी! लग्नाच्या सकाळी सीमांतपूजनाला ते आण्णांना म्हणाले, "आमच्याकडं मुहूर्त म्हंजी मुहूर्त. पारण्यात कुणी नाचणार न्हाई. सरळ जायचं, पाया पडायचं, सरळ मांडवात. बारा पस्तीसला अक्षता पडल्याच पाहिजेत." आण्णा भारावून गेले. असा शिस्तीचा व्याही मिळायला नशीब लागतं, असं ते चारचौघांत सांगत सुटले.

म्हाळसानं हे ऐकलं तेव्हा मामांना परत फोन करायलाही उशीर झाला होता. मामा दोनच्या बेतानं येणार आणि इथं पाऊणला सगळं उरकून पंगत बसणार! थांबा म्हणावं तर कुणाला? ज्या मामाला नवरीच्या बापानंच बोलावलं नाही त्याच्यासाठी व्याह्यांना ताटकळत ठेवा म्हटलं असतं, तर आण्णांची अब्रू चव्हाट्यावर आली असती.

तिनं आचाऱ्यांच्या मांडवात सोजराबाई आत्याला गाठलं. आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण, वय साठीच्या पुढं आणि खोड्या सोळा वर्षांच्या.

"आत्या, पारणं रखडवायचंय."

"का गं? नवरा पसंत न्हाई व्हय?"

"नवरा झ्याक हाय. संपतमामा येत्यात, पर दोनला."

आत्यानं हातातला झारा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत चमक आली. "आण्ण्याला कळलं तर दोघींची चामडी लोळवंल," ती खुशीत म्हणाली. "मंग आडवं कायतरी घालू की वाटंत. त्या दगड्याची मेंढरं कवा कामाला यायची?"

दगडोबा तर देवच पावल्यासारखा हसला. खरा मामा आला तर त्याची सुटका होती. तो कळप घेऊन शाळेच्या कोपऱ्यावर दबा धरून बसला. पारणं निघालं. पुढं बँड, मधे घोड्यावर नवरदेव सत्यजीत, बाजूला सुभेदार, मागं पंचवीस-तीस वऱ्हाडी झपाझप पावलं टाकत. कोपरा आला आणि दगडोबानं मेंढरं रस्त्यावर सोडली. आत्यानं पदर तोंडाला लावला.

सुभेदारांनी शिट्टी मारली. बँडवाल्यानं मोठा ड्रम बडवला. मेंढरं बिचकली, मधोमध फाटली, अर्धी या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला, आणि पारणं मधून असं सुसाट निघून गेलं की वाट जणू त्यांच्यासाठीच केली होती. उलट मेंढरांच्या धास्तीनं घोडं जास्तच पळायला लागलं. दगडोबा धुरळ्यात बें बें करत उरला.

"मेलं हे!" आत्या म्हणाली. "तुझ्या त्या कॉम्प्युटरात काय शिकवत्यात का न्हाई?"

म्हाळसानं कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षं ती दुसरं काय करत होती! गावाला ती एवढंच सांगायची, की आभाळातल्या फवाऱ्यांचा वेग कसा कमी होतो ते बघते. त्यामुळं गावातली निम्मी माणसं तिला तुषार सिंचनाचे नोझल दाखवायला आणायची. खरी गोष्ट अशी होती. लांबलांबच्या दीर्घिकांच्या पोटात अजस्र कृष्णविवरं असतात, आणि त्यांच्या जवळून वायूचे झोत निघतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. काही झोत पार दीर्घिकेबाहेर जातात तरी दमत नाहीत. काही मात्र वाटेतच मंदावतात, फुगतात, धुरासारखे पसरतात. ते का मंदावतात, कुठं मंदावतात, याचं गणित म्हाळसा कॉम्प्युटरवर मांडायची. पहिलं वर्षभर तिनंही हाच गाढवपणा केला होता. झोताच्या पुढ्यात वायू ठेवायची, आणि झोत त्याला भोक पाडून पलीकडं जायचा.

"आत्या, पुढनं आडवून जमायचं न्हाई," ती भरभर बोलू लागली. "पुढनं आडवलं की त्यो भोक पाडतो. बाजूनं मिसळायला पायजे. झोत जाता जाता आजूबाजूचा वायू आपल्यात ओढून घेतो, तवा त्यो दमतो. जोर तेवढाच, आन् वढायचं वझं वाढत जातं."

"म्हंजी ट्रॅक्टर त्योच, आन् ट्रॉलीत माणसं चढत्यात."

"व्हय! आडवायचं न्हाई. सामील व्हायचं."

आत्याला एवढं पुरेसं होतं. साठीची बाई कासोटा खोचून गल्लीत शिरली आणि दारोदार हाळी देत सुटली. "आगं बायांनो, सुभेदारसायबांचा निरोप हाय! आख्ख्या गावानं पारण्यात चालायचं! एक घर मागं राहिलं तर त्यांचा आपमान हुतो!" आता मानाचं बोलावणं म्हटल्यावर राहूतला माणूस घरात बसेल? धुरपदा म्हातारी काठी टेकत निघाली. पोरंसोरं कडेवर घेऊन बाया निघाल्या. जिथं बोळ मिळेल तिथनं माणसं पारण्याला दोन्ही अंगांनी येऊन मिळाली. सुभेदार कुणाला नको म्हणणार? जो तो हात जोडून म्हणत होता, "तुमचा निरोप मिळाला, लई बरं वाटलं."

आणि पारणं मंदावलं. कडेकडेनं मंदावलं. कडेची माणसं धुरपदा म्हातारीच्या चालीनं चालायला लागली, त्यांच्या आतली त्यांना धक्का लागू नये म्हणून हळू झाली. आत्यानं म्हाळसाच्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला.

पण म्हाळसा मान हलवत होती. मधला गाभा अजून धावतच होता. बँड, घोडं आणि सुभेदार त्या गर्दीच्या मधोमध जोरात पुढं सरकत होते. तिला हे ओळखीचं होतं. झोताचंही असंच होतं. कडा आधी दमतात आणि गाभ्याचा वेग तसाच राहतो. गाभ्यापर्यंत सरमिसळ पोचल्याशिवाय झोत मोडत नाही. मारुती तर समोर दिसायला लागला होता.

"आत्या, गजीवाले कुठं हायती?"

गजीवाले, म्हणजे धनगरी गजी नाचणारे, लिंबाखाली बसले होते. संध्याकाळच्या वरातीसाठी त्यांना बोलावलं होतं. पांढऱ्या बंड्या, हातात रंगीत रुमाल. धनगराचा गजीचा ढोल घुमला की पाय आपोआप उचलतात, आणि एक चाल सुरू झाली की ती पुरी होईपर्यंत रिंगण सोडायचं नसतं, अशी रीत. सोडलं तर देवाचा कोप, आणि त्याहून वाईट म्हणजे गावाची टिंगल. दगडोबा मेंढरं तशीच टाकून ढोलाजवळ धावला. त्यानं आयुष्यात कधी एवढ्या जोरात ढोल वाजवला नव्हता. गजीवाले दोन्ही बाजूंनी गर्दीत घुसले आणि थेट घोड्याभोवती त्यांनी रिंगण धरलं.

झालं! बँडवाल्यांनी क्षणभर एकमेकांकडं बघितलं आणि ढोलाचा ताल पकडला. घोडंही नाचरं निघालं, जागच्या जागी टाप आपटायला लागलं. सकाळपासून बाशिंगाआड पुतळ्यासारखा बसलेला सत्यजीत घोड्यावरून उतरला आणि रुमाल मागून घेऊन रिंगणात शिरला. सुभेदारांनी जिवाच्या आकांतानं शिट्ट्या मारल्या, पण त्या नेमक्या तालात बसल्या. लोकांना वाटलं व्याही रंगात आले. त्यांनी त्यांनाच आत ओढलं. फौजेत राहिलेला माणूस, कदमताल चुकेल कसा? थोड्याच वेळात सुभेदार घाम पुसत गिरक्या घेत होते, आणि त्यांचं घड्याळ कुणाच्या तरी हातात सांभाळायला गेलं होतं.

म्हाळसा मारुतीच्या पारावर चढली. समोर आता पारणं नव्हतंच. सगळीकडं पसरलेली, घुमणारी, धुरळा उडवणारी माणसं होती. बारा पस्तीस कधीच होऊन गेले होते. मांडवातली माणसंसुद्धा, काय चाललंय ते बघायला म्हणून येऊन, त्यातच विरघळली होती. तिला इतकं हसू आलं की पारावर बसकण मारावी लागली. आपलं गणित असं पायी चालताना आजवर कुणा शास्त्रज्ञानं बघितलं असेल काय!

मग रिंगणात तिला एक टोपी दिसली. रेल्वेची जुनी निळी टोपी. मामा! जीप गर्दीमुळं मारुतीजवळच थांबली होती, आणि जुन्या गजीवाल्यांनी त्यांना ओळखून उतरल्या उतरल्या आत घेतलं होतं. तरुणपणी मामा म्हणजे गजीतलं पहिलं पाऊल. सत्तावन्नाव्या वर्षीही ते रुमाल असा फेकत होते की बाया तोंडात बोट घालून बघत होत्या. म्हाळसाचे डोळे भरून आले. मामा आले. आले!

आणि तेवढ्यात मांडवाकडून आण्णा आले. फेटा तिरका, चेहरा लालबुंद. "कुनी मांडलाय ह्यो तमाशा?" ते ओरडत गर्दीत घुसले आणि गर्दीनं त्यांनाही तसंच पोटात घेतलं. नवरीचा बाप म्हटल्यावर त्यांना कोण सोडतो? कुणीतरी हातात रुमाल कोंबला, कुणीतरी मागून ढकललं, आणि आण्णा रिंगणात उभे राहिले ते थेट संपतमामांच्या समोर.

म्हाळसाचं हसू पार पळालं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. रिंगण फिरत होतं. चाल पुरी होईपर्यंत सोडायची सोय नव्हती. आण्णांनी पाऊल टाकलं. मामांनी टाकलं. दोघं समोरासमोर नाचले. चाल संपली तसे आण्णा वळले आणि मांडवाकडं चालायला लागले. मामा रुमाल हातात घेऊन तिथंच थांबले.

म्हाळसाला रडूच कोसळलं. एवढं गाव हलवलं, आणि या दोन माणसांच्या मधली वीतभर जागा काही हलली नाही. गणितात वायू तरी कबूल असतो, कुणी मिसळायला आलं की मिसळतो.

दमलेलं पारणं शेवटी कसंबसं मांडवात पोचलं. अंतरपाट धरला गेला. सुभेदार घड्याळ परत मनगटावर बांधत होते आणि त्याकडं बघायचं टाळत होते. मामा मांडवाच्या अगदी शेवटी, चपलांच्या ढिगापाशी, मुठीत अक्षता घेऊन उभे होते. भटजींनी माईक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर आणावं."

कुणी उठलं नाही. सगळे दगडोबाला शोधायला लागले. तो आचाऱ्यांच्या मांडवात पोत्यांवर आडवा होता आणि डावा पाय धरून कण्हत होता. ढोल वाजवून पाय कसा मुरगळतो हे आत्यानं त्याला विचारलं, तेव्हा त्यानं उजवा धरला.

"मुलीच्या मामांनी मुलीला आणावं," भटजी परत म्हणाले. कर्ण्यातून ते पार कॅनॉलच्या पलीकडं गेलं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू चपलांच्या ढिगाकडं वळल्या, आणि तिथून आण्णांकडं. मामा खाली बघत होते. आतल्या खोलीच्या दारात रुपाली उभी होती आणि म्हाळसानं तिचा हात घट्ट धरला होता.

आण्णा जागचे उठले. ते भटजींपाशी गेले आणि त्यांनी माईक हातात घेतला. कर्णा किंचाळला. आण्णांना आयुष्यात माईकवर बोलायची सवय नव्हती, त्यांनी तो ऊस धरावा तसा धरला होता.

"संपत," ते म्हणाले. मग घसा खाकरला, तोही सगळ्या गावानं ऐकला. "आरं, तुलाच बोलावत्यात. तिला दुसरा कोन मामा हाय?"

मामांनी मान वर केली.

"मी चुकलो हुतो," आण्णा म्हणाले. "ह्ये माईकवर बोललोय. गावानं आयकलंय. आता मला माघारी घेता यायचं न्हाई. ये लवकर. पोरीला आण."

मामा चालायला लागले. कुणीतरी त्यांना वाट करून दिली, कुणीतरी डोळे पुसले. सोजराबाई आत्यानं तर मोठ्यानं नाक शिंकरलं. मामा आण्णांच्या जवळून गेले तेव्हा आण्णांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. खोलीच्या दाराशी मामा थांबले. समोर दोन्ही भाच्या होत्या, एक मुंडावळ्यांतून बघणारी आणि एक विस्कटलेल्या केसांची, पायाच्या नखापासून कपाळापर्यंत धुळीनं माखलेली. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती काखेत धरली.

"लई उशीर झाला न्हवं गं मला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मामा," म्हाळसा म्हणाली आणि रुपालीचा हात तिनं त्यांच्या हातात दिला. "येळेवर आलात."